हिंदुरावचा मनोरा आणि लग्नाचा केक

दिल्लीतल्या हिंदुराव रुग्णालयाचं नाव एका मराठी माणसाचं आहे, हे तिथल्या रांगेत उभ्या असलेल्या फार थोड्यांच्या लक्षात येत असेल. हिंदुराव म्हणजे कागलकर घाटग्यांपैकी, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू. १८३५ साली विल्यम फ्रेझरचा खून झाला. त्यानंतर त्याचा रिजच्या टेकडीवरचा बंगला हिंदुरावांकडे आला. १८५७ च्या वेढ्यात तोच इंग्रजांच्या मोर्च्याचं मुख्य ठाणं झाला. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर या वेढ्याचं स्मारक आहे: १८६३ साली उभारलेला तांबड्या दगडाचा अष्टकोनी मनोरा. चार मजले, प्रत्येक खालच्यापेक्षा लहान, उंची ११० फूट. पाहणाऱ्याला लग्नाचा केक आठवतो, आणि त्यात काही चुकतं असं मला वाटत नाही. दोन्हींची घडण एकाच काळातली, एकाच आवडीतली आहे.

१८४० साली राणी व्हिक्टोरियाच्या लग्नातला केक ३०० पौंडांचा होता. घेर ९ फूट, जाडी १४ इंच. म्हणजे एखादं जातंच. उंची होती ती वर बसवलेल्या साखरेच्या पुतळ्यांची. तिच्या थोरल्या मुलीचं लग्न २५ जानेवारी १८५८ ला लंडनमध्ये झालं. दोनच दिवसांनी, २७ तारखेला, इकडे लाल किल्ल्यात बहादूरशहा जफरवरचा खटला सुरू झाला. त्या लग्नातला केक सहा-सात फूट उंच होता, पण खरा केक तळालाच. वरचे खांब आणि घुमट साखरेचे. अशा केकची प्रमाणं ठरवायला हलवाई नको, गवंडी हवा. लंडनच्या सेंट ब्राइड्स चर्चचा, वर निमुळत्या होत जाणाऱ्या अष्टकोनी मजल्यांचा मनोरा बघून एका बेकरीवाल्यानं पहिला मजलेदार केक केला, अशी आख्यायिका सांगतात. ती अठराव्या शतकातली, आणि मजलेदार केक दिसू लागतात ते पुढच्या शतकात. तेव्हा ती गोड मानून सोडून द्यावी.

१८८२ साली राजपुत्र लिओपोल्डच्या लग्नात सगळे मजले खऱ्या केकचे झाले आणि प्रश्नच बदलला. आता वरच्याचं ओझं खालच्यानं पेलायचं होतं. सुक्या मेव्याचा घट्ट केक आणि अंड्याचा पांढरा बलक व पिठीसाखर यांचा वाळून गिलाव्यासारखा कडक होणारा लेप, यांच्यामुळे ते जमलं. पुढे दोन थरांमध्ये छोटे खांबही उभे राहिले. मऊ स्पंजला हे झेपत नाही. त्याच्या पोटात काड्या रोवून भार थेट खालच्या पाटावर उतरवावा लागतो.

आकार निवडताना डोळा फसतो तो इथे. बारा इंचांचा थर सहा इंचांच्या दुप्पट दिसतो, पण उंची सारखी असेल तर त्यात केक चौपट असतो. बारा, नऊ आणि सहा इंच हे व्यास घेतले तर तिन्ही थरांतला केक १६, ९ आणि ४ या प्रमाणात पडतो. आता लाडू आठवा. चौरस रचायचे तर तळाला सोळा, त्यावर नऊ, मग चार आणि टोकाला एक. आपल्याकडे रुखवतात लाडवांचा ढीग रचणाऱ्या बायका हेच प्रमाण हातानं साधत आल्या आहेत. बारा-नऊ-सहामध्ये प्रत्येक थराभोवती दीड इंचाची कड उरते. फुलं बसतात, आणि नजर सावकाश वर चढते. बारा-दहा-आठ घेतले तर कड इंचाचीच. केक भरपूर, पण रूप बसकं. चौदा-दहा-सहा फार घाईनं निमुळता होतो.

पण व्यास नुसत्या डोळ्यासाठी ठरत नव्हते. खालचा थर आलेल्या पाहुण्यांसाठी कापायचा, मधला न आलेल्यांना डब्यांतून पाठवायचा, वरचा पहिल्या अपत्याच्या बाप्तिस्म्यासाठी जपायचा, अशी इंग्रजी रीत होती. म्हणजे तीन व्यास ही तीन प्रकारच्या नात्यांची वाटणी.

याला मराठीत काय म्हणावं, यावर मी बरेच दिवस घालवले. ‘मजला’ म्हटलं की जिना आला. ‘थर’ म्हटलं तर गोव्याच्या बेबिंकेचेही थरच, एकसारखे, एकावर एक. मग दहीहंडी आठवली. तिथे थर वर जाताना लहान होतो आणि खालच्याच्या खांद्यावर उभा राहतो. म्हणून १८५८ च्या साखरेच्या मनोऱ्याला मी मजले ठेवले आणि १८८२ नंतरच्या केकला थर दिले.

आज दिल्लीतल्या सभागृहांतले उंच केक पुन्हा मजल्यांकडे वळलेत. एक थर खरा, बाकीचे थर्माकोलचे. पाहुण्यांच्या बशांतला केक आत भटारखान्यात चौकोनी तुकडे करून तयार असतो. खर्च आणि दिल्लीचा उन्हाळा पाहता त्यात फसवणूक म्हणण्यासारखं काही नाही.

रिजवरच्या मनोऱ्यातही वाटणी आहेच. भिंतीत बसवलेल्या पाट्यांवर अधिकारी नावानिशी आहेत, शिपाई आकड्यांनी. हिंदुरावांचा बंगला लढवणारे सिरमूर बटालियनचे गुरखे आकड्यांतच. १९७२ साली स्मारकाला अजितगड हे नवं नाव मिळालं आणि आणखी एक पाटी लागली: या लेखांत ज्यांना शत्रू म्हटलं आहे, ते स्वातंत्र्यासाठी लढलेले हुतात्मे होत. जुन्या पाट्या तशाच ठेवल्या आहेत.