ईथर पेटीत गेला, मग पेटीतूनही गेला

तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेला माणूस आज संगणकाच्या तारांवर बोलणार, म्हणून पुढच्या रांगेतले काही जण हसताहेत. हसा. पण मी या विषयाकडे आलो तो एका शब्दाचा माग काढत. तो शब्द म्हणजे ईथर.

एकोणिसाव्या शतकात पदार्थवैज्ञानिकांना वाटायचं की प्रकाशाची लाट वाहून न्यायला काहीतरी माध्यम हवंच, सगळीकडे भरलेलं आणि न दिसणारं. 1887 मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला मायकेलसन आणि मोर्ले यांनी त्याचा शोध घेतला आणि तो काही सापडला नाही. आपल्याकडे वैशेषिकांनी असंच एक सर्वव्यापी द्रव्य मानलं, आकाश. शब्द हा त्याचा गुण. मग एका तोंडून निघालेला शब्द दुसऱ्याच्या कानापर्यंत जातो कसा, यावर नैयायिकांनी दोन दाखले दिले. एक पाण्यावरच्या तरंगाचा आणि दुसरा कदंबाच्या फुलाचा. कदंबाचे केसर एकदम सगळ्या दिशांना फुटतात ना, तसा शब्द सगळीकडे एकदम फुटतो. हा कदंब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

22 मे 1973. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीचं पालो अल्टो इथलं संशोधन केंद्र. तिथे रॉबर्ट मेटकाफ यांनी एक टिपण लिहिलं. केंद्रातले आल्टो नावाचे संगणक एकमेकांना आणि लेझर प्रिंटरला जोडायचे होते. मेटकाफ यांनी सुचवलं की एकच केबल टाकावी, सगळ्यांनी तिच्यावर बोलावं, सगळ्यांनी ऐकावं. त्या सामाईक माध्यमाला त्यांनी नाव दिलं ईथर. विज्ञानाने शंभरेक वर्षं वापरून टाकून दिलेला शब्द त्यांनी उचलला. डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने त्यांनी जाळं उभं केलं, त्याचा वेग सेकंदाला 2.94 मेगाबिट.

या कल्पनेचं मूळ मात्र हवाई बेटांवर आहे. 1971 मध्ये नॉर्मन एब्रॅमसन यांच्या गटाने बेटाबेटांवरची यंत्रं रेडिओने विद्यापीठाच्या संगणकाशी जोडली. पाळी वगैरे काही नाही. बोलावंसं वाटलं की बोलायचं. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया. पोच आली नाही की थोडा वेळ थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. किती थांबायचं? ते नशिबावर सोडलेलं, कारण दोघंही सारखेच थांबले तर पुन्हा टक्कर ठरलेली. या मोकळेपणाची किंमत होती. गणिताने बघितलं तर माध्यमाचा जास्तीत जास्त 18 टक्के उपयोग होतो, बाकी सगळा गोंगाट किंवा शांतता. ईथरनेटमध्ये दोन शिस्ती वाढल्या. बोलण्याआधी कानोसा घ्यायचा आणि बोलतानाही ऐकत राहायचं. टक्कर कळली की लगेच गप्प. पुन्हा टक्कर झाली की थांबण्याची मुदत दुप्पट पल्ल्यातून निवडायची. सोळा प्रयत्नांनंतर नाद सोडायचा. माणसांच्या सभेत एवढी सभ्यता मी पाहिलेली नाही.

इथे एक बारीक अडचण आहे. टक्करीची खबर तारेच्या दुसऱ्या टोकाहून परत यायला वेळ लागतो. निरोप फारच छोटा असेल तर पाठवणाऱ्याचं बोलून संपतं आणि टक्कर झाल्याचं त्याला कळतच नाही. म्हणून 10 मेगाबिटच्या ईथरनेटमध्ये नियम आला की कोणताही निरोप, म्हणजे फ्रेम, 64 बाइटपेक्षा लहान नसावा. एवढा निरोप पाठवायला 51.2 मायक्रोसेकंद लागतात आणि तेवढ्यात खबर परत येते. एकच अक्षर पाठवायचं असेल तरी भर घालून फ्रेम फुगवायची. हा आकडा विसरू नका.

1980 मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून 10 मेगाबिटचं ईथरनेट जाहीर केलं. पुढे ते मानक झालं. पण तार मोठी त्रासदायक होती. जाडजूड केबल छतातून फिरवायची आणि तिला टोचून संगणक जोडायचे. नंतर पातळ केबल आली, तर ती कुठे एका ठिकाणी सुटली की सगळं जाळं बंद. कुणाच्या टेबलामागे सुटली ते शोधत वायरमनने रांगत फिरायचं.

त्यावर तोडगा निघाला टेलिफोनसारख्या पिळाच्या तारांचा. 1990 मध्ये त्याचं मानक आलं. प्रत्येक संगणकापासून एक वेगळी तार निघते आणि मधल्या एका पेटीत येते. ही पेटी म्हणजे हब. आता नीट बघा काय झालं. बाहेरून रचना चांदणीसारखी झाली, पण आत काहीच बदललं नाही. हबला पत्ता वाचता येत नाही. एका भोकातून विजेचा ठोका आला की तो ताजा करून बाकी सगळ्या भोकांतून बाहेर सोडायचा, एवढंच तो जाणतो. कदंबाचं फूल! आठ संगणक असोत की चोवीस, एका वेळी एकानेच बोलायचं आणि 10 मेगाबिट सगळ्यांनी वाटून घ्यायचे. खोलीभर पसरलेला ईथर वायरमनच्या सोयीसाठी वीतभर पेटीत कोंडला गेला.

आणि माझ्या मते खरी कलाटणी इथेच आहे. पेटीत कोंडलेली वस्तू बदलता येते, भिंतीतल्या ताराही हलवाव्या लागत नाहीत.

बदलायला काय आणायचं, तेही तयार होतं. डिजिटल कंपनीत 1980 च्या दशकात ब्रिज नावाचं यंत्र झालं होतं, दोन जाळ्यांना जोडणारं. ते कसं शिकतं ते ऐका. चाळीत नवा पोस्टमन आलाय असं समजा. त्याला कुणी यादी दिलेली नाही. पण प्रत्येक पत्रावर पाठवणाऱ्याचंही नाव असतं. तिसऱ्या जिन्यावरून आलेल्या पत्रावर ‘प्रेषक : कुलकर्णी’ दिसलं की तो वहीत लिहितो, कुलकर्णी तिसऱ्या जिन्यावर. पुढे कुलकर्ण्यांना पत्र आलं की तिथेच जातो. आणि ठाऊक नसलेलं नाव आलं तर? तर तो चौकात उभा राहून सगळ्या जिन्यांवर हाळी देतो. म्हणजे अज्ञानात तो हबसारखाच वागतो! वहीतली नोंद काही काळ ताजी झाली नाही, साधारणपणे पाच मिनिटं, की तो ती खोडतो. माणसं बिऱ्हाडं बदलतात. (असे ब्रिज वर्तुळात जोडले गेले की निरोप भोवऱ्यासारखा फिरत राहतो. त्यावरचा उपाय 1985 मध्ये रेडिया पर्लमन यांनी काढला. त्या बाईंवर एक वेगळं व्याख्यान द्यावं लागेल.)

1990 मध्येच एका छोट्या कंपनीने सात भोकांची पेटी बाजारात आणली, ईथरनेटचा पहिला स्विच. तत्त्वतः तो अनेक तोंडांचा ब्रिजच, पण अतिशय चपळ. फ्रेममध्ये ज्याला पाठवायचं त्याचा पत्ता पहिल्या सहा बाइटमध्ये असतो. तेवढा वाचला की मागचा निरोप पूर्ण यायची वाट न बघता हा पुढे पाठवायला लागतो. कंपनीचे एक संस्थापक होते विनोद भारद्वाज. कंपनीला त्यांनी पत्नीचं नाव दिलं होतं, कल्पना. 1994 मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. कल्पनेने ईथरला हटवलं, असं वाक्य तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला आयतं मिळतं आणि तेही खरं.

स्विचमुळे एक जोडी बोलत असताना दुसरी जोडीही बोलू शकते. आठ संगणकांच्या चार जोड्या, प्रत्येकीला पूर्ण 10 मेगाबिट. 1997 मध्ये एकाच वेळी बोलण्याचं आणि ऐकण्याचं मानक आलं. प्रत्येक तारेवर दोनच टोकं आणि दोघांना वेगळी वाट, मग टक्कर होणार कुणाशी? कानोसा, गप्प बसणं, नशिबाने थांबणं, सगळं रद्द. 10 गिगाबिटच्या मानकात तर त्याला जागाच ठेवलेली नाही.

आता माझी गोष्ट. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या महाविद्यालयातल्या संगणकखोलीत हब होता. मी मेल बघत होतो. कोपऱ्यातल्या संगणकावरून एक विद्यार्थी आला आणि हळूच म्हणाला, “सर, रागावू नका, पण तुमचा पासवर्ड ‘शांकरभाष्य’ आहे ना?” मी गारच! त्याने सांगितलं, “सर, इथे सगळ्यांचं सगळं सगळ्यांकडे येतं. कार्ड आपल्या नावाचं नसलेलं टाकून देतं, एवढंच. मी माझ्या कार्डाला टाकू नको म्हणून सांगितलं.” तेव्हाचे पासवर्ड तारेवरून उघडेच जायचे. इतके महिने माझं खासगीपण इतरांच्या कानांच्या सभ्यतेवर टिकून होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्या मुलाला मी रागावलो नाही. त्याने ते मला येऊन सांगितलं, हेच खूप होतं.

पुढे स्विच आला आणि सगळे म्हणाले, आता सुरक्षित. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. स्विच वेगासाठी जन्मला, गुप्ततेसाठी नव्हे. पोस्टमनच्या वहीला पानं मोजकीच असतात. कुणी हजारो खोट्या नावांची पत्रं टाकून वही भरून टाकली, की खऱ्या नावांना जागा उरत नाही आणि तो पुन्हा चौकात हाळी द्यायला लागतो. शिवाय ‘अमका पत्ता कुणाचा आहे हो?’ असा प्रश्न आजही सगळ्यांनाच विचारावा लागतो आणि त्याला खोटं उत्तर कुणीही देऊ शकतो. हबमध्ये विश्वास सगळ्या शेजाऱ्यांवर होता, स्विचमध्ये तो मधल्या एकाच्या वहीवर गेला. विश्वास संपला असं कुठे झालं?

मग आज ज्याला ईथरनेट म्हणतात त्यात ईथर कुठे आहे? सामाईक तार गेली, टक्कर गेली, वेग हजारो पटींनी वाढला, तांब्याच्या जागी काचेचे तंतू आले. उरली ती फ्रेमची घडण आणि 48 बिटांचा पत्ता. आणि तो 64 बाइटचा नियम. आजही फ्रेम त्याहून लहान चालत नाही, भर घालून फुगवावी लागते. ज्या टक्करीसाठी तो केला, ती होतच नाही. माकडहाड असतं ना आपल्याला, तसं.

आणि टक्कर? ती या सभागृहात आहे. तुमच्या खिशातले फोन वायफायवर आहेत आणि हवा सामाईक आहे. तिथे बोलताना ऐकता येत नाही, स्वतःच्याच आवाजात बाकीचं बुडतं. म्हणून टक्कर आधीच टाळायची, आणि तरी झालीच तर पोच येत नाही, मग थांबायचं, पुन्हा बोलायचं. हवाई बेटांवर हेच चालायचं. फक्त तिथे बेटं होती, इथे आपण खुर्च्यांवर बसलोय.

चला, आता प्रश्न विचारा. पण एका वेळी एकानेच.