निस्तार आणि नक्कल

'निस्तरणे' हे क्रियापद मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. एकाने करून ठेवलेला घोळ दुसऱ्याला निस्तरावा लागतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. 'निस्तार' हे नाम मात्र पूर्व विदर्भाबाहेर क्वचितच ऐकू येते. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत ते महसुली दप्तरातही आहे आणि रोजच्या जगण्यातही. घरच्या गरजेपुरते जळण, नांगराला लाकूड, कुंपणाला काट्या, छपराला बांबू, गुरांना चराई, हे सारे रानातून घेण्याची जुनी वहिवाट म्हणजे निस्तार. रान कोणाच्या मालकीचे, हा वाद निस्तार मिटवीत नाही. कोणी, काय, किती आणि कशासाठी न्यावे, एवढेच तो ठरवतो. हा शब्द आम्ही प्रस्तुत लेखात एका वेगळ्याच रानात नेणार आहोत. आंतरजालावरील चित्रफिती आपल्या संगणकावर उतरवून घेणाऱ्या एका लहानशा आज्ञावलीचा इतिहास या शब्दाच्या प्रकाशात अधिक नीट वाचता येतो, असे आमचे मत आहे.

प्रथम ज्या प्रदेशातून हा शब्द घेतला, त्याविषयी. अहेरी तालुक्यातील आलापल्ली हे गाव सागवानासाठी प्रसिद्ध आहे. येथे वनविभागाचे विभागीय कार्यालय आहे, लाकडाचे आगार आहे, आणि जवळच 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' या नावाने राखून ठेवलेला सुमारे सहा हेक्टरांचा जुन्या वृक्षांचा पट्टा आहे. २०१४ साली तो महाराष्ट्रातील पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. तोडलेल्या सागाच्या ओंडक्यावर हातोडीचा ठसा उमटतो, त्याला क्रमांक मिळतो, आणि वाहतूक परवान्याशिवाय तो रस्त्यावर येऊ शकत नाही. सरकारी लाकडाची ही वही इंग्रजी अमदानीपासून काटेकोर राहिली. तिच्या शेजारीच दुसरी वही होती. मध्य प्रांतातील जमाबंदीच्या वेळी गावोगावच्या वहिवाटी 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तऐवजात नोंदल्या गेल्या. पुढे मालगुजारी व जमीनदारी गेली, १९५६ साली हा प्रदेश मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. तरी निस्तारपत्रकाची तरतूद १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही टिकून राहिली. एकाच झाडाची नोंद दोन वह्यांत असे. एका वहीत तो माल होता, दुसरीत गरज.

या दोन वह्यांमधील भांडण बांबूवरून विकोपाला गेले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने बांबूची गणना वृक्षांत केली. वनस्पतिशास्त्र त्याला गवत मानते. परंतु कायद्याने वृक्ष म्हटले, म्हणून बांबू तोडणे हे झाड तोडणे ठरले. येथील बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जात राहिला. आपल्या हातातील पुस्तके कोणत्या रानातून आली, हे साहित्याच्या अभ्यासकांनी एकदा मनाशी आणावे. डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा संमत केला. त्याने बांबूला गौण वनोपजात घातले आणि ग्रामसभेला सामूहिक हक्क मागण्याची वाट मोकळी केली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती येण्यास एप्रिल २०११ उजाडले. हक्क मिळणे आणि माल उचलून नेता येणे यांत दीड-दोन वर्षांचे अंतर पडले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

याच २००६ साली, युरोपच्या दुसऱ्या टोकाला, स्पेनमधील रिकार्दो गार्सिया नावाच्या एका तरुणाने 'यूट्यूब-डीएल' ही आज्ञावली लिहिली. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि केवळ सालाच्या योगायोगावर प्रमेय उभारू नये, हे आम्ही जाणतो. मात्र तिचे कारण आलापल्लीच्या वाचकाला परके वाटणार नाही. यूट्यूब सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. गार्सिया यांच्या घरी दूरध्वनीच्या तारेवरून चालणारी, अत्यंत संथ जोडणी होती. तिच्यावर चित्रफीत थेट पाहणे अशक्यप्राय होते. तेव्हा ती सावकाश उतरवून घ्यावी आणि मग निवांत पाहावी, हा सरळ विचार होता. चोरबाजाराच्या गरजेतून हे हत्यार घडलेले नाही. ज्याच्या दारापर्यंत रस्ता आला नाही, त्याने रानातून मोळी डोक्यावरून आणावी, तशी ही गरज होती.

आज्ञावलीचे चालणे थोडक्यात सांगण्याजोगे आहे. तिला खिडक्या नाहीत, चित्रे नाहीत. काळ्या पडद्यावर तिचे नाव टंकावे, पुढे चित्रफितीचा दुवा द्यावा, आणि कळ दाबावी. ती ते पान न्याहाळकासारखेच मागवते, त्यात दडलेले चित्राचे व ध्वनीचे पत्ते शोधते आणि उपलब्ध प्रतींची यादी देते. यादीतून कमी वजनाची प्रत निवडता येते. व्याख्यान असेल तर नुसता ध्वनी घेता येतो. चित्र आणि ध्वनी वेगळे आले, तर दुसऱ्या एका आज्ञावलीच्या साहाय्याने ते जोडले जातात. मध्येच जोडणी तुटली, तर उतरलेला भाग अर्धवट धारिकेत तसाच राहतो आणि पुन्हा आज्ञा दिली की काम तेथूनच पुढे चालू होते. काय काय उतरवले याची नोंदवहीही ती ठेवू शकते. चित्रफितीचे शीर्षक, दिनांक, चढवणाऱ्याचे नाव आणि वर्णन हेही शेजारी जपून ठेवता येते. संग्राहकाला ज्या ज्या गोष्टी लागतात, त्या बहुतेक येथे आहेत. २०२१ पासून याच मुळावर वाढलेली 'वायटी-डीएलपी' ही शाखा अधिक वापरात आली.

तुटलेल्या जोडणीचा मुद्दा दक्षिण गडचिरोलीत गौण नाही. नक्षलप्रभावित भागांतील २,३४३ ठिकाणच्या मनोऱ्यांची दुसऱ्या पिढीची सेवा चौथ्या पिढीची करण्यास केंद्र सरकारने मान्यता दिली ती एप्रिल २०२२ मध्ये. महानगरातील प्राध्यापक वर्गात दुवा उघडून दाखवतो आणि पुढे जातो. दूरच्या महाविद्यालयातील प्राध्यापकाला तो आदल्या रात्री उतरवून ठेवावा लागतो. पाहण्याचा हक्क दोघांना सारखाच दिलेला दिसतो. ठेवण्याचा हक्क काढून घेतला, की दुसऱ्याचा पाहण्याचा हक्कही जातो.

२३ ऑक्टोबर २०२० रोजी अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने नोटीस धाडली आणि 'गिटहब' या संकेतस्थळाने यूट्यूब-डीएलचे भांडार बंद केले. ही आज्ञावली यूट्यूबने पत्त्यांवर घातलेले सांकेतिक कुलूप उघडते, आणि तिच्या चाचण्यांत काही प्रसिद्ध गाण्यांचे दुवे आहेत, असा आक्षेप होता. 'इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन' या संस्थेने उत्तर दिले की, कोणताही न्याहाळक चित्रफीत दाखवताना जे करतो तेच ही आज्ञावली करते. त्यात गुप्त किल्ली फोडण्याचा प्रश्न येत नाही. १६ नोव्हेंबरला भांडार पुन्हा खुले झाले. वाद येथे संपला नाही. मार्च २०२३ मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयाने या प्रकल्पाचे पान ठेवणाऱ्या जर्मन कंपनीविरुद्ध निकाल दिला. एकाच कृतीला एक बाजू 'वाचन' म्हणते, दुसरी 'कुलूप तोडणे'. बांबू गवत की वृक्ष, या वादाहून हा वाद फार वेगळा नाही. नाव कोणी ठेवले, यावर दंड ठरतो.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या प्रश्नाचे जुने रूप सापडते. आपल्या भाषेत पोथी 'उतरवून घेतात' आणि चित्रफीतही 'उतरवून घेतात'. क्रियापद एकच आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलेले लीळाचरित्र खलजी आक्रमणाच्या धामधुमीत नष्ट झाले, आणि शिष्यांनी ते स्मरणातून पुन्हा उभे केले. आज आपल्यापुढे असलेले निरनिराळे पाठ हे त्या एका हरवलेल्या प्रतीचे देणे आहे. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपीची किल्ली अभ्यासकांच्या हाती आली, तेव्हा मराठीतील आरंभीचे गद्य सर्वांसाठी खुले झाले. संकेत घालणाऱ्यांचा हेतू रक्षणाचा होता, आणि संकेत उलगडणाऱ्यांचाही रक्षणाचाच ठरला. पंथाच्या श्रद्धेला त्या उलगड्याने काय वाटले असेल, हा प्रश्नही रास्त आहे. पण तो उलगडा नसता, तर आज आपण लीळाचरित्र अभ्यासक्रमात वाचले नसते.

मूळ प्रत एकाच ठिकाणी असली की काय होते, याचे नजीकचे उदाहरण पुण्याचे आहे. जानेवारी २००३ मध्ये तेथील आगीत नायट्रेट फितींवरील अनेक जुने चित्रपट भस्मसात झाले. आंतरजालावर आग लागत नाही. तेथे चित्रफीत नुसती नाहीशी होते. २०१७ साली यूट्यूबच्या स्वयंचलित छाननीने सीरियातील युद्धाच्या असंख्य चित्रफिती काढून टाकल्या. ज्या संग्राहकांनी आधीच प्रती उतरवून ठेवल्या होत्या, त्यांच्याकडेच तो पुरावा उरला.

भारतीय कायद्यात निस्ताराला काही जागा आहे काय? शब्द नाही, पण कल्पना आहे. प्रताधिकार अधिनियम, १९५७ चे कलम ५२ खाजगी वापर, संशोधन, समीक्षा आणि अध्यापन यांना मर्यादित मोकळीक देते. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील छायाप्रतींच्या दुकानाविरुद्ध मोठ्या प्रकाशकांनी लावलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली याच कलमातील अध्यापनाच्या तरतुदीचा आधार घेतला, आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ कुलूप तोडण्यास शिक्षा सांगते, परंतु ती प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूशी बांधलेली आहे. दुसरीकडे यूट्यूबच्या अटी परवानगीवाचून उतरवून घेण्यास मनाई करतात. म्हणजे येथेही दोन वह्या आहेत, आणि त्या अद्याप एकमेकींशी जुळवलेल्या नाहीत.

आता अवघड भाग. निस्ताराला मर्यादा होती, आणि ती मर्यादाच त्याचे बळ होती. घरासाठी आणलेले लाकूड बाजारात विकले, की तो निस्तार राहत नसे. झाडीपट्टी रंगभूमीचे उदाहरण घ्यावे. वडसा येथे या नाट्यमंडळ्यांची कार्यालये आहेत. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटांच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटके चालतात, आणि ती तिकिटांवर चालतात. या रंगभूमीतील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. झाडीबोलीतील संवाद, दंडार आणि खडी गंमत यांचे अंश आज यूट्यूबवर विखुरलेले दिसतात. बोलीच्या अभ्यासकासाठी ते साहित्य अमोल आहे, आणि ते उद्या तेथे असेलच याची शाश्वती नाही. म्हणून ते उतरवून ठेवावे, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. परंतु तीच प्रत कोणी बाजारात मेमरी कार्डात भरून विकली, किंवा आपल्या नावाच्या वाहिनीवर चढवली, तर तो नटाच्या हंगामावर घातलेला घाला आहे. येथे आज्ञावली निर्दोषही नाही आणि दोषीही नाही. कुऱ्हाड जळण तोडते आणि सागही तोडते.

माडिया आणि गोंडी गीतांच्या बाबतीत पेच अधिक खोल आहे. गाणाऱ्या बाईने चित्रीकरणाला संमती दिली असेल. ते गाणे कोठे, किती काळ, कोणासाठी राहील, हे तिला बहुधा कोणी विचारले नसावे. चित्रफीत चढवणारा तिचा धनी होतो, स्थळ तिचे आगार होते, उतरवून घेणारा संग्राहक होतो. गाणारी बाई कोणत्याच वहीत येत नाही. जात्यावरच्या ओव्या गोळा करताना हेमा राईरकर आणि गी पॉइत्वां यांनी एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा केला, आणि ओवी गाणाऱ्या बाईचे नाव व गाव यांची नोंद ठेवली. हा दंडक डिजिटल प्रतीलाही लागू व्हावा.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पूर्व विदर्भातील प्रत्येक मराठी विभागाने आपले एक निस्तारपत्रक करावे. कोणत्या चित्रफिती उतरवल्या, केव्हा, कोठून, कोणाच्या आणि कशासाठी, हे त्यात लिहावे. ज्यांचा आवाज आहे त्यांच्यापर्यंत पोहोचता येत असेल तर त्यांना प्रत द्यावी आणि विचारावे. विक्री करू नये, पुन्हा चढवू नये, मागितल्यास काढून टाकावे. यंत्र नोंदवही ठेवते, पण त्यातील 'कशासाठी' हा रकाना माणसालाच भरावा लागतो. आलापल्लीच्या आगारात ओंडक्यावरचा ठसा मालकाचे नाव सांगतो. गावाच्या वहीत मात्र गरजेची नोंद असे, आणि त्या वहीच्या आधाराने मेंढ्यासारख्या गावांनी पुढे आपला हक्क मांडला. उद्या कोणी आमच्या संग्रहावर बोट ठेवले, तर आम्हालाही अशीच वही दाखवता आली पाहिजे.