मागच्या दाराचा डाव

बास्केटबॉलमध्ये उंच माणूस जिंकतो हे सांगायला प्रशिक्षक लागत नाही. प्रशिक्षक लागतो तो उंच माणसं वाट्याला येत नाहीत तेव्हा. न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात पीट कॅरिल यांचं 1967 ते 1996 असं सगळं आयुष्य यातच गेलं. प्रिन्स्टन ज्या आयव्ही लीगमध्ये खेळतं, तिथे खेळाची शिष्यवृत्ती देता येत नाही. ज्या पोराच्या मागे देशभरची विद्यापीठं लागलीत, ते इकडे कशाला फिरकेल? येणारी मुलं अभ्यासातली. पायाने बेताची, पण नेम बरा. अशा पोरांना घेऊन कॅरिलनी जो डाव घोटला, त्याला आज जगभर प्रिन्स्टनचंच नाव आहे.

मी पुण्यात शाळा-कॉलेजात गार्ड म्हणून खेळले. आता प्रिन्स्टनच्या जवळच राहते आणि रविवारी आमच्या टाउनशिपच्या मुलींना शिकवते. त्यामुळे हा डाव मला कागदावर कमी आणि मुलींच्या पायांत जास्त दिसतो.

मांडणी अशी. सेंटर रिंगखालची जागा सोडून फ्री थ्रोच्या रेषेच्या टोकाशी येऊन उभा राहतो. उरलेले चौघे तीन गुणांच्या कमानीबाहेर. रिंगखाली चिटपाखरू नाही. चेंडू सेंटरच्या हातात. विंगवरचा खेळाडू पास मागत दोन पावलं बाहेर येतो, हात पुढे करतो. त्याचा डिफेंडर उत्साही असेल तर पासच्या वाटेत हात घालायला पुढे झेपावतो. ही हूल त्याने खाल्ली की विंगवरचा खेळाडू बाहेरचा पाय रोवतो आणि डिफेंडरच्या पाठीमागून रिंगकडे सुटतो. पास टप्प्याचा. डिफेंडरचा लांबवलेला हात छातीच्या उंचीवर असतो. तिथून चेंडू पाठवला तर तो अडवेल, पण गुडघ्याखालून गेलेल्या चेंडूसाठी वाकायला त्याला वेळच नसतो. हाच तो बॅकडोअर.

डिफेंडर शहाणा होऊन मागे सरकला, तर त्याच जागेवरून तीन गुणांचा शॉट. सेंटरकडेच पास जाऊ देत नसतील, तर गार्ड ड्रिबल करत सरळ विंगच्या अंगावर चालून जातो. ती खूण, विंगने मागून आत पळायचं. ‘चिन’ नावाचा आणखी एक प्रकार आहे. गार्ड विंगला पास देतो, सेंटर गार्डच्या डिफेंडरच्या पाठीमागे येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे अंगाने त्याची वाट अडवतो, आणि गार्ड त्या स्क्रीनला खेटून आत जातो. तो मोकळा सापडला नाही, तर स्क्रीन लावणारा सेंटरच बाहेर सुटून पास घेतो आणि पहिला डाव नव्याने मांडला जातो.

“मावशी, मी पळाले आणि पास आलाच नाही तर?” हा प्रश्न दर हंगामात कुणीतरी विचारतंच.

“तर थांबू नकोस. पलीकडच्या कोपऱ्यात जा, तिथली वर येईल.”

सगळी मेख या थांबू नकोसमध्ये आहे. आत जाऊन जी पोरगी रिंगखाली घुटमळते, ती पुढच्या कटची जागा अडवते.

हे सगळं कॅरिलच्या एकट्याच्या डोक्यातून निघालेलं नाही. 1920 च्या दशकातल्या ओरिजिनल सेल्टिक्स या न्यूयॉर्कच्या व्यावसायिक संघात डच डेनर्ट रिंगकडे पाठ करून उभा राहायचा आणि धावत येणाऱ्यांना पास द्यायचा. पिव्होटच्या खेळाचं श्रेय त्याला देतात. त्याच संघातला जो लॅपचिक पुढे न्यूयॉर्क निक्सचा प्रशिक्षक झाला. लॅपचिकच्या हाताखाली बुच व्हॅन ब्रेडा कोल्फ खेळला. आणि तो लाफायेत कॉलेजात शिकवायला गेला तेव्हा त्याच्या संघात होता पीट कॅरिल, पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यातल्या स्पॅनिश कामगाराचा मुलगा. गाण्यातल्यासारखं घराणंच म्हणा ना! व्हॅन ब्रेडा कोल्फ पुढे प्रिन्स्टनचे प्रशिक्षक झाले. 1967 मध्ये ते लेकर्स या व्यावसायिक संघाकडे गेले आणि प्रिन्स्टनची गादी या शिष्याकडे आली.

या खेळावर कायमचा शिक्का बसला तो संथपणाचा. कॉलेजच्या बास्केटबॉलमध्ये तेव्हा शॉट क्लॉक नव्हतं, आणि मनासारखी संधी मिळेपर्यंत प्रिन्स्टन चेंडू फिरवत बसे. 1985-86 च्या हंगामात पुरुषांसाठी 45 सेकंदांची मर्यादा आली, 1993-94 मध्ये ती 35 झाली. आता हे दुकान बंद होणार, असं वाटण्याजोगी स्थिती होती. झालं भलतंच. 1989 च्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत अलोन्झो मोर्निंगचा जॉर्जटाउन संघ पहिल्या मानांकनाचा, प्रिन्स्टन सोळाव्या. मध्यंतराला प्रिन्स्टन 29-21 ने पुढे! शेवटी 50-49 असा एका गुणाने सामना गेला, तोही मोर्निंगने अखेरच्या क्षणी शॉट अडवले म्हणून.

1996 च्या मार्चमध्ये त्याच स्पर्धेत, इंडियानापोलिसला, समोर गतविजेता यूसीएलए. सहा मिनिटं उरली असताना यूसीएलए 41-34 ने पुढे होतं. त्यानंतर त्यांना एकही गुण मिळाला नाही. 41-41 वर स्टीव्ह गुडरिच या सेंटरच्या हातात चेंडू, विंगवर पहिल्या वर्षाचा गेब लेव्हुलिस. चार्ल्स ओबॅनन त्याच्यावर. लेव्हुलिस मागून सुटला, गुडरिचचा टप्प्याचा पास हातात पडला, 43-41. असा शेवट होणार हे स्टेडियममध्ये कुणाला ठाऊक नव्हतं? तरीही ओबॅननचं एक पाऊल चुकलंच. कॅरिलनी निवृत्ती आधीच जाहीर केली होती; त्यांचा हा शेवटचा विजय.

संथपणाचा आरोप मला कधीच पटला नाही, आणि त्याचं उत्तर कॅरिलनी निवृत्तीनंतर दिलं. ते एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या सॅक्रामेंटो किंग्जमध्ये सहायक प्रशिक्षक झाले. तिथे शॉटसाठी अवघे 24 सेकंद. पण व्लादे दिवाच आणि ख्रिस वेबर या पास देऊ जाणणाऱ्या दोन उंच माणसांच्या हाती तोच डाव आला आणि किंग्ज झपाट्याने खेळू लागले. 2001-02 मध्ये त्यांनी 61 सामने जिंकले, त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक. आमच्याकडे न्यू जर्सी नेट्सनीही हीच मांडणी उचलली आणि 2002 व 2003 अशी लागोपाठ दोनदा अंतिम फेरी गाठली. तिथे जेसन किडसारखा गार्ड होता. त्याला संथ म्हणायची कुणाची छाती आहे?

कॅरिल 2022 च्या ऑगस्टमध्ये गेले. पुढच्या मार्चमध्ये त्याच राष्ट्रीय स्पर्धेत प्रिन्स्टनने पंधराव्या मानांकनावरून ॲरिझोनाला 59-55 असं हरवलं, तेही सॅक्रामेंटोमध्ये. प्रशिक्षक होता मिच हेंडरसन, 1996 च्या त्या संघातला गार्ड.