अस्वलाच्या मागावर गेलेली मुले

इ. स. १८२५-२६ चा हिवाळा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेनेसी संस्थानाच्या पश्चिम टोकाला, रीलफूट सरोवराजवळच्या अरण्यात, एक लहान मुलगा शिकारीच्या तळावर आपल्या वडिलांची वाट पाहत होता. वडील कुत्री घेऊन अस्वलाच्या मागावर गेले होते. अंधार पडला, रात्र सरली, तरी ते परतले नाहीत. मुलाजवळ एक शेजारी सोबतीला होता, आणि क्रॉकेट आता हाती लागत नाही अशी त्याचीही जवळजवळ खात्री होऊन चुकली होती.

हे वडील म्हणजे डेव्हिड क्रॉकेट. पुढे ते अमेरिकेच्या लोकसभेचे सभासद झाले आणि १८३६ मध्ये टेक्ससमधील अलामोच्या लढ्यात मारले गेले. त्या रात्री काय घडले ते त्यांनी १८३४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. १८११-१२ च्या भूकंपांनी त्या मुलखातील जमिनीला मोठमोठ्या भेगा पडलेल्या होत्या. कुत्र्यांनी पिटाळलेले अस्वल अशाच एका भेगेत जाऊन बसले. काळोख इतका, की सगळ्या कुत्र्यांत जे एक पांढरे होते तेवढेच काय ते दिसे. बाकीची कुत्री आणि अस्वल अंधाराशी एकरूप झालेली. क्रॉकेट भेगेत उतरले आणि चाचपडत, सुरीने, त्यांनी अस्वल मारले. मग थंडीने गारठून मरण्याची पाळी आली, तेव्हा एका फांद्या नसलेल्या झाडावर चढावे आणि घसरत खाली यावे, पुन्हा चढावे, पुन्हा घसरावे, असे करीत त्यांनी पहाट गाठली. सकाळी ते तळावर पोहोचले, तेव्हा मुलाच्या जिवात जीव आला. त्याच रात्री धरणीकंप झाला आणि शेकोटीभोवती निजलेली ती माणसे पाळण्यात घातल्यासारखी हलली.

त्या काळात क्रॉकेट यांच्याजवळ आठ मोठे शिकारी कुत्रे होते. एका वर्षाच्या आत आपण १०५ अस्वले मारली, असा हिशेब त्यांनी मांडून ठेवला आहे. हा आकडा वाचून आजचा वाचक दचकेल. पण ही हौसेची शिकार नव्हती, निदान केवळ हौसेची नव्हती. मीठ लावलेले अस्वलाचे मांस हा त्या वस्तीकरांचा हिवाळ्याचा साठा; चरबी वितळवून तुपासारखी भांड्यांत भरून ठेवीत, आणि कातड्याचे अंथरूण होई. शेतकऱ्याच्या पोराने नांगरामागे चालावे तसे वस्तीकराच्या पोराने शिकारीच्या तळावर जावे. शेकोटी विझू न देणे, घोडे सांभाळणे, आणि वाट पाहणे हे त्याचे काम. यांतले शेवटचे काम सर्वांत अवघड असले पाहिजे.

श्रोतेहो, हे अस्वल आपल्या सह्याद्रीत किंवा विदर्भाच्या रानांत वारुळे उकरणारे अस्वल नव्हे. अमेरिकेचे काळे अस्वल निराळ्या जातीचे. ते झाडावर सहज चढते, आणि शक्यतो माणसाशी झुंज घेण्याऐवजी पळ काढते. मिसिसिपी नदीच्या दोन्ही तीरांवरच्या सखल दलदलीत त्याचे माहेरघर होते. तेथे वेळूच्या जातीचे बन इतके दाट माजे, की दोन हातांपलीकडचे दिसत नसे. अशा ठिकाणी नुसत्या बंदुकीचा काय उपयोग? शिकार साधायची ती कुत्र्यांनीच. ताफ्यात दोन प्रकारची कुत्री लागत. काही केवळ नाकाची: मातीतला वास धरून तासन्‌तास माग काढणारी आणि मागावर असताना एकसारखी भुंकत राहणारी. काही अंगाने लहान पण चपळ: अस्वल थांबले की त्याच्या मागच्या पायांना चावा घेऊन उडी मारून बाजूला होणारी. ज्याला बाजूला होता येत नसे ते कुत्रे फार दिवस जगत नसे. शिकारी मागे घोड्यावर. त्याला दिसत काहीच नसे; सारे ऐकायचे. माग लागला तेव्हाचे भुंकणे वेगळे, अस्वल झाडाला पाठ लावून उभे राहिले तेव्हाचे वेगळे, ते झाडावर चढले तेव्हाचे आणखी वेगळे. ही भाषा ज्याला कळे तोच खरा वाटाड्या. ती पुस्तकात लिहिलेली नव्हती. ती लहानपणीच कानात भरावी लागे.

ही भाषा ज्याच्याइतकी फार थोड्यांना अवगत होती त्या पुरुषाचे नाव होल्ट कोलियर. सुमारे १८४६ साली मिसिसिपी संस्थानात हाइंड्स नावाच्या मळेवाल्यांच्या घरी तो गुलाम म्हणून जन्मला. लहानपणीच त्याला डेल्टा भागातल्या मळ्यावर नेण्यात आले, आणि तेथे त्याच्या हाती बंदूक देण्यात आली. घरातल्या आणि शेतावरच्या माणसांना मांस पुरवायचे, हे त्याला नेमून दिलेले काम. दहाएक वर्षांचा असताना त्याने पहिले अस्वल मारले.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. क्रॉकेटचा मुलगा बापाबरोबर रानात गेला आणि बापाबरोबर घरी परतला. होल्टही त्याच वयाच्या आसपास रानात गेला. पण त्याच्या हातातली बंदूक मालकाची, कुत्री मालकाची, मारलेले अस्वल मालकाचे आणि तो स्वतःही मालकाचाच. एवढे असूनही त्या वेळूच्या बनात, कुत्र्यांच्या आवाजावर कान ठेवून पुढे सरकताना, त्याच्यावर हुकूम चालविणारे कोणी नव्हते. पुढे आयुष्यभर त्याने तेच रान का धरून ठेवले, याचे एक कारण यात असावे.

१८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले, तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा होल्ट मालकाच्या पाठोपाठ रणांगणावर गेला आणि दक्षिणेच्या बाजूने लढला. गुलामगिरी टिकविण्यासाठी लढणाऱ्या सैन्यात एक गुलाम मुलगा! त्याचा उलगडा सोप्या शब्दांत होत नाही, आणि करू नये. युद्ध संपले, तो स्वतंत्र झाला, आणि शिकारीवर पोट भरू लागला. लिहिता-वाचता येत नसलेल्या या माणसाची कीर्ती अशी, की त्याने मारलेल्या किंवा मारण्यास मदत केलेल्या अस्वलांची संख्या तीन हजारांवर असल्याचे खुद्द अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षाने नमूद करून ठेवले.

ते राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट. नोव्हेंबर १९०२ मध्ये ते अस्वलाच्या शिकारीसाठी मिसिसिपीत उतरले. तळ लिटल सनफ्लॉवर नदीकाठी पडला होता, आणि शिकारीची सर्व सूत्रे होल्ट कोलियरकडे होती. १४ नोव्हेंबरला सकाळी त्याने पाहुण्यांना मोक्याच्या जागी बसविले आणि तो कुत्री घेऊन रानात शिरला. तासांमागून तास गेले. बसून बसून कंटाळलेले राष्ट्राध्यक्ष जेवणासाठी तळावर परतले. आणि नेमके त्यानंतर अस्वल त्याच वाटेने आले व पाण्याच्या डबक्यात कुत्र्यांनी घेरले गेले. पाहुण्यांसाठी अस्वल राखून ठेवायचे, असे होल्टला बजावलेले. अस्वलाने त्याचे एक कुत्रे ठार केले. तेव्हा होल्ट पुढे झाला, बंदुकीच्या दस्त्याचा तडाखा अस्वलाच्या डोक्यात घातला, त्याच्या गळ्यात दोर अडकविला, ते झाडाला बांधले, आणि शिंग फुंकले.

राष्ट्राध्यक्ष धावत आले. बांधलेल्या, अर्धमेल्या जनावरावर गोळी झाडण्यास त्यांनी नकार दिला. येथपर्यंतची गोष्ट जगभर मुलांना सांगितली जाते. त्यापुढचा भाग पुष्कळदा गळतो, किंवा अस्वल सोडून दिले असे सांगून मोकळे होतात. वस्तुतः त्याला यातनांतून सोडविण्याची सूचना रूझवेल्ट यांनीच केली, आणि ते सुरीने मारण्यात आले. वजन भरले २३५ पौंड.

दोन दिवसांनी, १६ नोव्हेंबरला, ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये क्लिफर्ड बेरीमन यांचे व्यंगचित्र झळकले: पाठ फिरविलेले रूझवेल्ट आणि दोराने धरलेले अस्वल. चित्रात दोर धरणारा इसम आहे. पण तो होल्ट कोलियर नव्हे. पुढे बेरीमन ते अस्वल पुन्हा पुन्हा काढीत गेले, आणि दर खेपेस ते अधिक लहान, अधिक गुबगुबीत, अधिक भोळे होत गेले. शेवटी पूर्ण वाढलेल्या रानटी जनावराचे पिलू झाले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मिठाईचे दुकान चालविणाऱ्या मॉरिस मिक्टम आणि त्यांच्या पत्नी रोझ यांनी कापडाचे अस्वल शिवून दुकानाच्या खिडकीत मांडले, आणि रूझवेल्ट यांच्या घरगुती नावावरून त्याला ‘टेडी’ म्हटले. त्याच सुमारास जर्मनीत श्टाइफ यांच्या कारखान्यातही तसले खेळणे तयार झाले. अस्वलाच्या मागावर जाणारी मुले आजवर थोडी होती; आता अस्वलच मुलांच्या अंथरुणात आले.

स्वतः रूझवेल्ट यांच्या घरी सहा मुले. अस्वलांच्या या शिकारींना ती बरोबर नव्हती, पण शिकार पत्रांतून त्यांच्यापर्यंत पोहोचे. १९०५ च्या वसंतात ते कोलोरॅडोत जेक बोरा आणि जॉन गॉफ या वाटाड्यांबरोबर अस्वलांमागे होते. गॉफच्या ताफ्यात स्किप नावाचे एक चिमुकले टेरियर कुत्रे होते. ते मोठ्या कुत्र्यांबरोबर प्रत्येक झटापटीत तोंड घाली, आणि परतताना खुशाल कोणाच्या तरी घोड्यावर बसून येई. स्किपने त्यांनाच आपला धनी ठरविले होते. रूझवेल्ट यांनी घरी पत्रातून कळविले, की हे कुत्रे आर्चीसाठी आणावे असे मनात आहे. आर्ची तेव्हा अकरा वर्षांचा. अस्वलांशी झुंजलेले ते कुत्रे व्हाइट हाउसच्या दालनांतून मुलाबरोबर शर्यती धावू लागले. पुढे १९१३ मध्ये मात्र आर्ची आणि धाकटा क्वेंटिन यांना घेऊन ते अॅरिझोनात ग्रँड कॅन्यनच्या कडेला कुत्र्यांसह शिकारीस गेले. ती शिकार अस्वलाची नव्हती, कुगर नावाच्या रानमांजराच्या मोठ्या भावंडाची. पाच वर्षांनी क्वेंटिन फ्रान्समध्ये विमानयुद्धात पडला.

मिसिसिपीच्याच मातीतले कादंबरीकार विल्यम फॉकनर यांनी १९४२ मधील ‘गो डाउन, मोझेस’ या ग्रंथात अस्वलाची एक दीर्घकथा घातली आहे. तिच्यातला मुलगाही दहाव्या वर्षी शिकारीच्या तळावर नेला जातो, आणि त्यालाही रान शिकवितो तो एका गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मलेला वृद्ध. कथाकाराने ही जोडी हवेतून आणलेली नाही. दक्षिणेतल्या कित्येक सुखवस्तू घरांतील मुलांना बंदूक बापाने दिली, पण कुत्र्याचे भुंकणे ओळखायला शिकविले ते दुसऱ्याच कोणी, ज्याला त्यांच्या पंक्तीला बसण्याची मुभा नव्हती.

मुलांना अशा शिकारीला न्यावे की न्यावे नाही, हा वाद अमेरिकेत अद्याप मिटलेला नाही. मेन संस्थानात अस्वलाच्या हंगामापूर्वी मुलांसाठी शिकारीचा एक वेगळा दिवस राखलेला आहे, आणि कुत्र्यांसह होणारी शिकार बंद करण्याचा प्रस्ताव तेथील मतदारांनी २००४ आणि २०१४ अशा दोन्ही वेळी फेटाळला. उलट कोलोरॅडोत १९९२ साली मतदारांनी अस्वलांची वसंतातली शिकार आणि कुत्र्यांसह शिकार, दोन्हींवर बंदी घातली. म्हणजे स्किप ज्या शिकारीतून आर्चीकडे आला ती शिकार आज तेथे दोन्ही कारणांनी गुन्हा ठरेल! एक बाजू म्हणते, मांस कोठून येते आणि मरण कसे असते हे मुलाला कळले पाहिजे. दुसरी म्हणते, दमलेल्या जनावराला झाडावर कोंडून मारण्यात शिकण्यासारखे काय आहे? होल्ट कोलियरला विचारले असते, तर त्याने बहुधा प्रथम ठार झालेल्या कुत्र्याबद्दल सांगितले असते.

१९०७ मध्ये लुइझियानातल्या वेळूच्या बनात रूझवेल्ट पुन्हा आले, होल्ट पुन्हा बरोबर होता, आणि या खेपेस राष्ट्राध्यक्षांना मोकळे अस्वल मिळाले. पण रानच आटत चालले होते. लाकूड आणि कापूस यांच्यापायी दलदली उपसल्या गेल्या, बने तोडली गेली. १९३२ च्या सुमारास साऱ्या मिसिसिपी संस्थानात डझनभरही अस्वले उरली नव्हती. होल्ट कोलियर ग्रीनव्हिल गावी १९३६ साली वारला, वय नव्वदीच्या घरात. लुइझियाना-मिसिसिपीकडच्या अस्वलांना १९९२ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले. संख्या सावरल्यावर २०१६ मध्ये ते काढून घेण्यात आले. २००४ साली मिसिसिपीच्या त्याच डेल्टात वन्य जनावरांसाठी एक अभयारण्य ठरविण्यात आले. त्याला नाव दिले आहे होल्ट कोलियरचे, आणि नदी ओलांडून येणाऱ्या अस्वलांचे माग आता त्या भागातल्या चिखलात पुन्हा उमटू लागले आहेत.