शिवजन्मतिथी आणि साधनांचा शोध

आपल्या ज्ञातीतील कित्येक तरुण आज इतिहासाचे प्रबंध लिहितात, व कुलवृत्तांताच्या कामी वडीलधारी मंडळीही झटतात. ‘आणखी साधने कोठे शोधावीत?’ हा दोघांचाही प्रश्न असतो. शिवजन्मतिथीच्या निर्णयाची हकीकत या बाबतीत मोठी उद्बोधक आहे.

शिवछत्रपतींचा जन्म शके 1549 च्या वैशाखात, म्हणजे 1627 साली झाला, असे एके काळी सर्वत्र मानीत. त्यास आधार मुख्यतः बखरींचा. मल्हार रामराव चिटणिसांची प्रसिद्ध बखर तर महाराजांच्या निधनानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. बखरींची संख्या पुष्कळ. परंतु एकीचे पाहून दुसरीने लिहिले असेल, तर दहा बखरी मिळूनही साक्षीदार एकच.

1916 साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. भोरकडील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरचे हे टिपण. त्यात शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद निघाली. म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. एका शकावलीवर विसंबून रूढ तिथी सोडावी काय, असा वाद साहजिकच माजला. पुढे सदाशिव महादेव दिवेकरांना तंजावरास परमानंदकृत ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याची पोथी सापडली. 1927 मध्ये ते छापले गेले, आणि महाराजांच्या समकालीन कवीनेही तीच तिथी दिल्याचे दिसले. जोधपूरकडील एका ज्योतिष्याच्या संग्रहातील कुंडलीनेही 1630 सालासच दुजोरा दिला.

देशमुखांच्या घरी वतनदार घराण्याच्या स्मरणार्थ लिहिले गेले, कवीने धन्याच्या चरित्रासाठी लिहिले, ज्योतिष्याने आपल्या विद्येसाठी. या तिघांनी एकमेकांचे पाहून लिहिले असण्याचा संभव अल्पच. ‘शिवजन्म’ असा मथळा शोधीत बसणाऱ्यास ही साधने मिळती ना. अमुक गोष्ट टिपून ठेवण्याचे कारण कोणाकोणास होते, असे ज्याने स्वतःस विचारले, त्यालाच अशा ठिकाणी जाण्याची बुद्धी होते.

कुलवृत्तांतासही हेच लागू आहे. एकाच वंशावळीच्या चार नकला जमविण्यापेक्षा नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. यात्रेस आलेल्या पूर्वजांची नावे व गावे तेथे कित्येकदा त्यांच्याच हातची आढळतात. माळ्यावरचे मोडी रुमाल मात्र येत्या पावसाळ्यापूर्वी उलगडून पाहावेत. जेध्यांची शकावलीही घरच्याच दप्तरातून आलेली होती.