मोटारीचें गिऱ्हाईक

बैलबाजारांत गेलेला वऱ्हाडी शेतकरी प्रथम बैलाकडे पाहतो, मग बैलाच्या धन्याकडे पाहतो, आणि नंतर पुन्हां बैलाकडे पाहतो. दांत मोजावयाचे, खूर तपासावयाचे, गाडीला जुंपून चार पावलें चालवून पाहावयाचें आणि शेवटीं दुपट्ट्याखालीं हातांत हात घालून बोटांच्या खुणेनें भाव ठरवावयाचा, ही त्याची जुनी रीत. यवतमाळ जिल्ह्यांत वणी येथें रंगनाथस्वामींच्या यात्रेंत भरणाऱ्या बैलबाजारानें ही रीत पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. आज त्याच जिल्ह्यांतील मोटारीच्या दुकानांत, काचेच्या भिंतीआड उभ्या असलेल्या नव्या गाडीभोंवतीं एखादें कुटुंब फेरी घालूं लागलें, म्हणजे जाणत्यास तीच परीक्षा पुन्हां चाललेली दिसते. दांतांच्या ठिकाणीं बॉनेट उघडलें जातें, खुरांच्या ठिकाणीं टायर दाबून पाहिला जातो, आणि चार पावलांच्या ऐवजीं चार मैलांचा फेरफटका होतो. परंतु विकणारा आणि घेणारा यांचें नातें सर्वकाळ सारखें राहिलेलें नाहीं. कोणी कोणाची मनधरणी करावी, हा प्रश्न गेल्या शंभर वर्षांत निरनिराळ्या काळीं निरनिराळ्या तऱ्हेनें सुटला, आणि त्यांत या धंद्याचा खरा इतिहास आहे.

पहिला काळ विकणाऱ्यानें मनधरणी करण्याचा होता. यवतमाळ हा कापसाचा मुलूख. १९०५ पर्यंत हा जिल्हा सरकारदप्तरीं वणीच्या नांवानें, म्हणजे ‘वून’ या इंग्रजी रूपानें, ओळखला जाई. १९०३ च्या सुमारास मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची रेल्वे आली, ती मुख्यतः कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठीं. या मार्गावर वाफेचें एंजिन १९९४ पर्यंत धांवत होतें. स्टेशनापासून गांवापर्यंत मात्र दमणी, म्हणजे प्रवासाची हलकी बैलगाडी, हेंच प्रतिष्ठिताचें वाहन. अशा मुलखांत मोटार परवडणारीं घरें बोटांवर मोजण्याइतकीं असावयाचीं: सरकी काढण्याच्या कारखान्यांचे मालक, नांवाजलेले वकील, मोठे शेतमालक.

१९२८ मध्यें जनरल मोटर्स कंपनीनें मुंबईस शिवडी येथें मोटारीचे सुटे भाग आणून त्यांची जोडणी करण्याचा कारखाना काढला. पुढें फोर्ड कंपनीहि त्याच वाटेनें आली, आणि परदेशी गाड्या देशांत अधिक संख्येनें दिसूं लागल्या. त्या वेळच्या विक्रेत्यास गिऱ्हाइकाच्या दारीं जावें लागे. जें वाहन गिऱ्हाइकाच्या वडिलांनीं पाहिलेंहि नव्हतें, त्याचा उपयोग पटवावयाचा, तें हांकणारा माणूस मिळवून द्यावयाचा, पेट्रोल कोठें मिळेल आणि वाटेंत गाडी बंद पडल्यास कोण येईल याची हमी द्यावयाची, इतकीं कामें त्याच्या शिरावर असत. तिकडे अमेरिकेंत जनरल मोटर्सनें १९१९ मध्येंच हप्त्यानें गाडी देतां यावी म्हणून कर्ज पुरविणारी स्वतंत्र कंपनी उभारली होती. गाडीबरोबर कर्जहि विकावयाचें, ही युक्ति पुढें जगभर पसरली. ती यवतमाळच्या शेतकऱ्यापर्यंत पोंचावयास मात्र बराच काळ जावा लागला.

दुसऱ्या महायुद्धानें चित्र पालटलें. पेट्रोल मोजून मिळूं लागलें आणि नव्या गाड्या दुर्मिळ झाल्या. १९४४ मध्यें वालचंद हिराचंद यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि कांहीं वर्षांत कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या. नुसत्या जोडणीचे कारखाने नकोत, गाडी येथेंच घडविली पाहिजे, असें धोरण स्वातंत्र्यानंतर ठरलें. जनरल मोटर्सनें १९५४ मध्यें येथील काम आवरलें. धोरणामागील हेतु चांगला होता. परंतु गाड्या थोड्या आणि मागणारे फार, अशी स्थिति झाली, आणि १९५९ मध्यें मोटारींच्या वांटपावर व विक्रीवर नियंत्रण घालणारा सरकारी हुकूम निघाला.

येथून दुसरा काळ सुरू झाला. मोटारीचा विक्रेता आतां यादी सांभाळणारा कारकून बनला. गिऱ्हाइकानें अनामत ठेवावी, नांव नोंदवावें आणि वर्षानुवर्षें वाट पाहावी. रंगाची निवड करण्याची सोय नाहीं. जो येईल तो रंग आपला. दुकानांत शिरतांना गिऱ्हाईकच आधीं नमस्कार करी आणि हळूच विचारी, “साहेब, आमचा नंबर कोठवर आला?” साहेब कागदांतून मान वर न काढतां म्हणत, “अजून अवकाश आहे.” मोटारीची वाजवी किंमत कोणती, हा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७१ मध्यें त्यावर निकाल झाला. स्कूटरचीहि तीच कथा. यवतमाळच्या शेजारीं वर्ध्यास ज्या बजाज घराण्याची पेढी होती, त्या घराण्यानें १९४५ मध्यें काढलेल्या व्यापारी कंपनींतून पुढें बजाज ऑटो उभी राहिली. तिच्या स्कूटरसाठीं नांव नोंदविलेल्यास दहा दहा वर्षें थांबावें लागे, आणि नंबर लागून मिळालेली स्कूटर दुसऱ्याच दिवशीं मूळ किंमतीहून अधिक पैशांस विकली जाई. टंचाईच्या बाजारांत मालापेक्षां ओळखीला भाव येतो, हें त्या पिढीनें पुरतें अनुभविलें.

१४ डिसेंबर १९८३ रोजीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्तें मारुति गाडीची पहिली किल्ली गिऱ्हाइकास देण्यांत आली. गाडीची किंमत ४७,५०० रुपये होती. या गाडीसाठींहि प्रत्येकीं १० हजार रुपये भरून लाखाहून अधिक लोकांनीं नोंदणी केली होती. म्हणजे रांग लगेच सरली नाहीं. परंतु १९९३ मध्यें मोटारधंद्यावरील परवान्याचें बंधन उठलें, परदेशी कंपन्या पुन्हां आल्या, आणि पाहतां पाहतां दुकानांत गाड्या उभ्या व दारांत गिऱ्हाइकाची वाट पाहणारा विक्रेता उभा, असें दृश्य दिसूं लागलें. ज्या मेजामागून एका पिढीनें ‘नंबर लागला नाहीं’ असें सांगितलें, त्याच मेजामागून पुढची पिढी ‘चहा घेणार कीं सरबत?’ असें विचारूं लागली.

हा तिसरा काळ अजून चालू आहे. आजचा विक्रेता सकाळीं कामावर येतो तेव्हां महिन्याला अमुक गाड्या खपल्याच पाहिजेत, हा आंकडा त्याच्या डोक्यावर टांगलेला असतो. गिऱ्हाईकहि सहसा एकटें येत नाहीं. आजोबा सीटवर बसून उठतांना गुडघा दुखतो कीं नाहीं हें पाहतात. घरची सून मागें मुलें व सामान कसें मावेल याचा हिशेब करते. कॉलेजांत जाणाऱ्या मुलानें सारी माहिती मोबाइलवर आधींच वाचलेली असते व विक्रेत्याची चूक पकडण्यास तो टपलेला असतो. आणि बरोबर आलेला ओळखीचा मिस्त्री, ज्याला स्वतः गाडी घ्यावयाची नसते, तोच पुष्कळदां शेवटचा शब्द बोलतो. ‘ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न बहुधा पहिला. शेतकरी आणखी एक प्रश्न विचारतो: गाडी जमिनीपासून किती उंच आहे? पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल चाकाला कसा धरतो, हें त्याला छापील पत्रकांतून शिकावें लागत नाहीं. पितृपक्षांत दुकान ओस पडतें. दसऱ्याला व पाडव्याला प्रत्येकास एकाच मुहूर्तावर गाडी हवी असते. मग हार, नारळ, चाकाखालीं लिंबू, आणि एम. एच. २९ या जिल्ह्याच्या खुणेपुढें मनाजोगे आंकडे मिळविण्याची खटपट, असा सोहळा होतो. बैलाच्या शिंगांना बेगड लावणाऱ्या घरांत नव्या वाहनाची पूजा चुकावयाची कशी?

मौजेचा भाग येथें संपतो. विक्रेत्याच्या सचोटीची कसोटी लागते ती हप्त्याच्या कागदावर. वणीच्या कोळशाच्या खाणींतील नोकरदारास किंवा शाळामास्तरास पगार महिन्याच्या महिन्यास मिळतो. महिन्याचा हप्ता त्याच्या संसारांत बसतो. कापूस मात्र वर्षांतून एकदांच घरीं येतो. दसऱ्याच्या सुमारास वेचणी सुरू होते, आणि पैसा हातीं पडतो तो त्यानंतर. १९७२ पासून राज्यांत कापसाची एकाधिकार खरेदी योजना होती. तेव्हां घरोघरच्या बेताचें उत्तर ‘चुकारा आला कीं पाहूं’ हें असे. ती योजना गेली तरी पीक, पाऊस व भाव यांचा भरंवसा वाढला नाहीं. २००६ मध्यें केंद्र सरकारनें विदर्भांतील शेतकरी आत्महत्यांनीं ग्रासलेल्या ज्या ६ जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होता. अशा जिल्ह्यांत, ‘थोडे पैसे आतां भरा, बाकीचें बँक पाहील’, हें गोड वाक्य किती जड होऊं शकतें, हें विक्रेत्यानें ओळखावें लागतें. ट्रॅक्टरचें कर्ज पुष्कळदां सहामाही किंवा वार्षिक हप्त्यांनीं फेडावयाचें असतें, तें पिकाकडे पाहूनच. ‘तुमचा माल केव्हां निघतो?’ असें आधीं विचारून मग हप्ता सांगणारा विक्रेता कधीं एखादी विक्री गमावतो. परंतु ज्या घरीं गाडी विकली तेथून ती ओढून नेण्याचा प्रसंग तो टाळतो.

दुसरी कसोटी आदराची. जानेवारी २०२२ मध्यें कर्नाटकांत तुमकुरू येथें एक शेतकरी मालवाहू गाडी पाहावयास एका दुकानांत गेला. तेथील विक्रेत्यानें त्याच्या वेषावरून त्याची पारख केली आणि खिशांत १० रुपये तरी आहेत का, अशा अर्थाचें हिणवणारें बोलणें केलें. शेतकरी परत गेला आणि थोड्याच वेळांत १० लाख रुपये घेऊन आला. आतां गाडी ताबडतोब द्या, असें तो म्हणाला. ती देणें दुकानास जमलें नाहीं. प्रकरण पोलिसांपर्यंत गेलें आणि अखेर दुकानाकडून क्षमा मागण्यांत आली. देशभर ही हकीकत गाजली, कारण तिच्यांतील शेतकरी कोणत्याहि जिल्ह्यांतील असूं शकला असता. पायांना चिखल, अंगावर मळकें धोतर आणि घरीं कापसाची गंजी, असा माणूस यवतमाळच्या विक्रेत्यास नवा नाहीं.

टंचाईच्या दिवसांत गिऱ्हाइकाचा मान राहिला नाहीं, कारण विक्रेत्यास त्याची गरज नव्हती. मुबलकतेच्या दिवसांत मान मिळतो. परंतु तो गरजेपोटीं मिळत असेल, तर कपडे मळके दिसतांच नाहींसा होतो. या दोहोंपलीकडे एक जुना व्यवहार आहे. बैलबाजारांत दुपट्ट्याखालीं जो हात पुढें येतो, तो रेशमी बाहीचा आहे कीं फाटक्या बाहीचा, हें कोणी पाहत नाहीं. सौदा बोटांचा असतो आणि शब्द पाळावयाचा असतो. मोटारीच्या दुकानांत विजेचे दिवे आले, छापील पत्रकें आलीं, कर्जाचे कागद आले. त्यांबरोबर ही एवढी रीत टिकली, तर गिऱ्हाईक पुढच्या दसऱ्याला आपल्या भावासहि त्याच दुकानांत घेऊन येईल.