चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील प्रचारमोहिमा

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील प्रचारमोहिमा या लेखात महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील या दोन वनजिल्ह्यांत १९८० च्या दशकापासून राबविल्या गेलेल्या प्रमुख जाहिरात, जनजागृती व लोकमत-निर्मितीच्या मोहिमांचा आढावा घेतला आहे. येथील बहुतेक मोहिमा वस्तूंच्या विक्रीसाठी नव्हत्या. आरोग्य, दारूबंदी, वनहक्क, वाघांचे संवर्धन, पर्यटन आणि वृक्षलागवड हे त्यांचे विषय होते. त्यांपैकी काहींनी शासनाचे निर्णय बदलले, काहींचे यश अल्पकाळ टिकले, तर काहींच्या फलिताविषयी मतभेद आहेत.

पार्श्वभूमी

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. जिल्ह्याचा बहुतांश भाग जंगलाने व्यापलेला असून गोंड व माडिया या आदिवासी समाजांची वस्ती मोठी आहे. मराठीखेरीज गोंडी, माडिया आणि छत्तीसगढी, सिरोंचा भागात तेलुगू, तर चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांतील निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली बोलली जाते. त्यामुळे मुंबईत तयार झालेला मराठी किंवा हिंदी संदेश येथील प्रत्येक गावापर्यंत जसाच्या तसा पोहोचत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात याउलट कोळसा खाणी, औष्णिक विद्युत केंद्र, सिमेंट व कागद उद्योग यांमुळे शहरी वस्ती मोठी असून वृत्तपत्रे व फलक यांचा प्रभाव अधिक आहे.

पारंपरिक माध्यमे

दवंडी, आठवडी बाजार, भिंतीवरील लिखाण आणि ध्वनिक्षेपक लावलेली वाहने ही या भागातील जुनी प्रचारमाध्यमे होत. त्यांच्या जोडीला झाडीपट्टी रंगभूमीचे स्थान विशेष महत्त्वाचे आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडई व शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर चालणारी नाटके होतात. देसाईगंज (वडसा) हे या नाट्यमंडळांचे प्रमुख केंद्र आहे. नाटकांची जाहिरात मोठ्या रंगीत भित्तिपत्रकांनी आणि गावोगाव फिरणाऱ्या वाहनांवरून केली जाते.

व्यसन, अंधश्रद्धा, हुंडा, अस्वच्छता यांसारखे विषय या रंगभूमीने कथानकात गुंफून मांडले. प्रेक्षक तिकीट काढून नाटक पाहण्यासाठी येतो आणि संदेश त्याला करमणुकीच्या ओघात मिळतो, हे या माध्यमाचे बलस्थान मानले जाते. झाडीपट्टीतील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

आरोग्यविषयक मोहिमा

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेचे कार्य सुरू केले. संस्थेचे रुग्णालय कसे असावे, हे ठरविण्यापूर्वी आदिवासींशी चर्चा करण्यात आली. मोठ्या इमारती, अनोळखी वातावरण आणि पांढरे कपडे घातलेले कर्मचारी यांची लोकांना भीती वाटते, असे त्यातून पुढे आल्याचे डॉ. बंग यांनी सांगितले आहे. पांढरे वस्त्र लोकांच्या मनात मृतदेहावरील कफनाशी जोडलेले होते. त्यानंतर शोधग्राम येथील रुग्णालयाची रचना आदिवासी गावासारखी करण्यात आली आणि त्याला 'माँ दंतेश्वरी दवाखाना' असे नाव देण्यात आले. दंतेश्वरी ही परिसरातील आदिवासींची आराध्य देवता आहे. वेगळी जाहिरात न करता, नाव व वास्तू यांच्याद्वारे विश्वास संपादन केल्याचे हे उदाहरण मानले जाते.

याच संस्थेने गावातील प्रशिक्षित महिलांना 'आरोग्यदूत' हे नाव दिले. या महिलांमार्फत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत विकसित करण्यात आली. तिच्यामुळे कार्यक्षेत्रातील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रातील बालमृत्यूंची नोंद प्रत्यक्षापेक्षा फार कमी होते, हे दाखविणाऱ्या अहवालास 'कोवळी पानगळ' असे नाव देण्यात आले. शासकीय अहवालांच्या रूक्ष शीर्षकांपेक्षा वेगळे असे हे दोन शब्द वृत्तपत्रांनी उचलून धरले आणि बालमृत्यूचा प्रश्न विधिमंडळातील चर्चेचा विषय झाला. पुढे राज्य शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली.

दारूबंदीच्या मोहिमा

गडचिरोली

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात गडचिरोलीत दारूमुक्तीचे आंदोलन सुरू झाले. शिबिरे, गावसभांचे ठराव, मोर्चे आणि दारूवर होणारा खर्च व जिल्ह्याच्या विकासावर होणारा खर्च यांची सोप्या भाषेतील तुलना ही त्याची साधने होती. सुमारे सहा वर्षांच्या प्रयत्नानंतर १९९३ मध्ये शासनाने जिल्ह्यात दारूबंदी लागू केली. कायदा झाल्यावरही अवैध विक्री चालू राहिली. त्यामुळे बंदीची अंमलबजावणी आणि लोकशिक्षण यांची सांगड घालण्यासाठी २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे अभियान सुरू करण्यात आले. राज्य शासन, 'सर्च' आणि टाटा ट्रस्ट यांचा त्यात सहभाग होता. दारूसोबतच सुपारी, तंबाखू व चुना घोटून तयार केला जाणारा 'खर्रा' हाही या अभियानाचा विषय आहे. गावसंघटना, शाळांमधील कार्यक्रम, व्यसन-उपचार शिबिरे आणि निवडणुकीच्या काळात 'दारूमुक्त निवडणूक' हे आवाहन, असे त्याचे स्वरूप राहिले आहे. गडचिरोलीतील दारूबंदी उठविण्याची मागणी झाली तेव्हा जिल्ह्यातील शेकडो गावांनी बंदीच्या बाजूने ठराव केले.

चंद्रपूर

चंद्रपूर जिल्ह्यात पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली श्रमिक एल्गार या संघटनेने दारूबंदीचे आंदोलन उभारले. डिसेंबर २०१० मध्ये, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असताना, चिमूर ते नागपूर अशी पदयात्रा काढण्यात आली. हजारो ग्रामीण महिला पायी चालत उपराजधानीच्या दिशेने निघाल्याचे दृश्य हेच या मोहिमेचे सर्वांत प्रभावी प्रचारसाधन ठरले. १९४२ च्या स्वातंत्र्यलढ्यातील चिमूरचा इतिहास सर्वपरिचित असल्याने प्रस्थानस्थानालाही प्रतीकात्मक अर्थ होता. त्यानंतर शासनाने पालकमंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली.

ही बंदी सहा वर्षांपेक्षा थोडा अधिक काळ टिकली. अवैध व बनावट दारूची विक्री, गुन्ह्यांमध्ये महिला व मुलांचा होणारा वापर आणि महसुलाची हानी ही कारणे पुढे करून राज्य मंत्रिमंडळाने २७ मे २०२१ रोजी बंदी उठविण्याचा निर्णय घेतला. जुलै २०२१ पासून परवानाधारक विक्री पुन्हा सुरू झाली. आंदोलनाच्या समर्थकांच्या मते अपयश बंदीचे नव्हे, अंमलबजावणीचे होते. विरोधकांच्या मते खाणी व उद्योगांच्या जिल्ह्यात, शेजारील जिल्ह्यांतून सहज पुरवठा होत असताना, बंदी यशस्वी होणे शक्य नव्हते. दोन शेजारी जिल्ह्यांत एकाच मागणीची परिणती इतकी भिन्न झाल्याने हे प्रकरण सामाजिक मोहिमांच्या अभ्यासात वारंवार तुलनेस घेतले जाते.

वनहक्क व ग्रामसभेचा प्रचार

१९८० च्या दशकात इंचमपल्ली व भोपालपटनम येथील प्रस्तावित धरणांना विरोध करण्यासाठी बाबा आमटे व आदिवासी नेत्यांच्या पुढाकाराने 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झाले. जंगल आणि माणूस यांचे हित परस्परविरोधी नाही, हा विचार घोषणेतील चार शब्दांत आला होता. हे प्रकल्प पुढे प्रत्यक्षात उतरले नाहीत.

या आंदोलनाच्या प्रभावातून धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावात स्वशासनाची चळवळ रुजली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे तिच्याशी निगडित आहेत. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही येथील घोषणा राज्यभर पोहोचली. तिच्यात शासनाला नकार नाही, परंतु गावाच्या कारभारावरील हक्काचा ठाम उच्चार आहे. गावातील निर्णय सर्वसहमतीने घेण्याच्या प्रथेमुळे घोषणेला आचरणाचा आधार मिळाला. वनहक्क कायदा, २००६ अन्वये २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क प्राप्त झाला. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेकडे सोपविण्यात आला.

त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूपाने व बांबू यांच्या विक्रीसाठी वृत्तपत्रांत स्वतःच्या नावाने निविदा सूचना देऊ लागल्या. पूर्वी वनविभागाच्या नावाने निघणारी जाहिरात गावाच्या नावाने निघणे, हा या चळवळीचा एक ठळक परिणाम होय.

व्याघ्रसंवर्धन व पर्यटन

ताडोबा राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १९५५ मध्ये आणि ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाची स्थापना १९९५ मध्ये झाली. २०१० मध्ये एअरसेल या दूरसंचार कंपनीने वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचरच्या भारतीय शाखेसोबत देशभर वाघ वाचविण्याची जाहिरात मोहीम राबविली. देशात केवळ १,४११ वाघ उरले आहेत, हा आकडाच जाहिरातीचा मध्यवर्ती आशय होता. आकडा लोकांच्या स्मरणात राहिला, त्या अर्थी मोहीम अत्यंत यशस्वी ठरली. मात्र पाहणाऱ्याने नेमके काय करावे, याचे स्पष्ट उत्तर तिच्यात नसल्याची टीका झाली. पुढील गणनांमध्ये देशातील वाघांची संख्या वाढली, परंतु त्याचे श्रेय संरक्षण, पुनर्वसन व सुधारित गणनापद्धती यांना दिले जाते. एअरसेल कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

२०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने अभिनेते अमिताभ बच्चन यांची व्याघ्रदूत म्हणून नियुक्ती केली. याच काळात ताडोबातील माया, मटकासुर, वाघडोह यांसारख्या वाघांची नावे समाजमाध्यमांतून देशभर पोहोचली. वाघाला नाव व चरित्र मिळाल्याने पर्यटकांची ओढ वाढली आणि मोहर्ली व इतर प्रवेशद्वारांजवळील गावांत मार्गदर्शक, वाहनचालक व निवासव्यवस्था यांतून रोजगार निर्माण झाला. मार्च २०२४ मध्ये चंद्रपूर येथे झालेल्या ताडोबा महोत्सवात रोपांच्या साहाय्याने 'भारतमाता' हा शब्द साकारून गिनेस विश्वविक्रम नोंदविण्यात आला.

या प्रचाराची मर्यादा मानव-वन्यजीव संघर्षात दिसते. चंद्रपूर जिल्ह्यात व गडचिरोलीच्या काही भागांत मोहफुले, तेंदूपाने किंवा सरपण गोळा करण्यासाठी गेलेल्या व शेतात काम करणाऱ्या व्यक्तींचा वाघांच्या हल्ल्यांत मृत्यू होण्याच्या घटना सातत्याने घडतात. पर्यटकाला उद्देशून केलेल्या जाहिरातीतील वाघ आणि जंगलालगतच्या गावाने अनुभवलेला वाघ यांत मोठे अंतर आहे. पर्यटनाचा लाभ प्रवेशद्वारांजवळील गावांना अधिक मिळतो, तर धोका दूरच्या गावांनाही सोसावा लागतो. त्यामुळे संवर्धनाचा संदेश अशा गावांत स्वीकारला जाणे कठीण जाते.

खाणविरोधी मोहिमा

ताडोबालगतच्या लोहारा कोळसा खाणीच्या प्रस्तावाविरुद्ध २००९ मध्ये चंद्रपुरात आंदोलन झाले. इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे यांनी केलेल्या उपोषणाला शहरातून पाठिंबा मिळाला. पुढे हा प्रस्ताव केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या पातळीवर अडला. २०१२ मध्ये ग्रीनपीस या संस्थेच्या एका कार्यकर्त्याने ताडोबा परिसरात सुमारे महिनाभर झाडावर मुक्काम करून वनक्षेत्रातील कोळसा खाणींकडे लक्ष वेधले. 'जंगलिस्तान' या नावाच्या त्या मोहिमेला शहरी व समाजमाध्यमांवरील प्रतिसाद मोठा मिळाला.

इको-प्रोने २०१७ मध्ये चंद्रपूरच्या गोंडकालीन किल्ल्याच्या तटबंदीची श्रमदानाने स्वच्छता सुरू केली. ऑक्टोबर २०१७ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'मन की बात' या कार्यक्रमात या कार्याचा उल्लेख केला.

वृक्षलागवड व वनोपजांची प्रसिद्धी

चंद्रपूर जिल्ह्यातील नेते व तत्कालीन वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या पुढाकाराने राज्यात ५० कोटी वृक्षलागवडीची मोहीम राबविण्यात आली. २०१६ मधील २ कोटींच्या लक्ष्यानंतर २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी असे चढते लक्ष्य होते. 'हॅलो फॉरेस्ट १९२६' ही मदतवाहिनी व 'हरित सेना' हे तिचे घटक होते. लोकसहभाग व प्रसिद्धी या दृष्टीने मोहीम लक्षणीय ठरली. परंतु लावलेल्या रोपांपैकी किती जगली, हा प्रश्न विधिमंडळात उपस्थित झाला आणि २०२१ मध्ये चौकशीसाठी आमदारांची समिती घोषित करण्यात आली.

मार्च २०२३ मध्ये अयोध्येतील राममंदिरासाठी बल्लारपूर येथून सागवान पाठविण्यात आले. त्या निमित्ताने निघालेल्या शोभायात्रेमुळे या भागातील सागाला देशभर प्रसिद्धी मिळाली.

यशापयशाची कारणे

वरील मोहिमांच्या तुलनेतून काही समान मुद्दे आढळतात.

भाषा व प्रतीके: 'कोवळी पानगळ', 'माँ दंतेश्वरी दवाखाना' किंवा मेंढा (लेखा) येथील घोषणा यांचे शब्द लोकांच्या अनुभवातून आले असल्याने त्यांना वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज पडली नाही.

स्पष्ट कृती: ठराव करणे, पदयात्रेत सहभागी होणे किंवा निविदा काढणे अशी निश्चित कृती सुचविणाऱ्या मोहिमा केवळ जाणीव निर्माण करणाऱ्या मोहिमांपेक्षा परिणामकारक ठरल्या.

सातत्य: गडचिरोलीत दारूबंदीनंतरही लोकशिक्षणाचे काम गावपातळीवर चालू राहिले. चंद्रपुरात मागणी मान्य झाल्यानंतर त्या प्रमाणात दीर्घकालीन यंत्रणा उभी राहिली नाही.

मोजमाप: लक्ष्याचा आकडा जाहीर करणे सोपे असते. वृक्षलागवडीप्रमाणे, वर्षांनंतरची स्थिती त्याच आग्रहाने जाहीर न झाल्यास मोहिमेच्या विश्वासार्हतेला बाधा येते.

लाभ व धोका यांची वाटणी: ज्यांना संदेश दिला जातो त्यांनाच धोका पत्करावा लागत असेल आणि लाभ इतरत्र जात असेल, तर संदेश कितीही आकर्षक असला तरी तो स्वीकारला जात नाही. व्याघ्रसंवर्धनाच्या प्रचारापुढील हे आव्हान आजही कायम आहे.